पंच्याहत्तर मिनिटांचा तास

दर महिन्याच्या सात तारखेला दुपारी साडेतीन वाजता माझं घड्याळाकडे बघणं सुरू होतं, आणि सहा वाजून पाच मिनिटांनी ते थांबतं. साडेतीनला पहिली शिफ्ट संपते, सहाला कंपनीची बस सुटते. सात तारखेला पगार बँकेत जमा होतो आणि पगाराची स्लिप हातात पडते. ज्याला माझ्याशी भांडायचं असेल तो या मधल्या अडीच तासांत टाइम ऑफिसच्या खिडकीशी येऊन भांडतो. बस गेली की भांडण पुढच्या दिवसावर जातं, आणि पुढच्या दिवशी माणसाचा राग निम्मा झालेला असतो. अलीकडे तर कोणी येतच नाही. बस फाटकातून बाहेर पडली की मी चहा मागवते आणि तो गरम असतानाच पिते. या सुखाची किंमत ज्याने लोकांचे पगार काढलेत त्यालाच कळेल.

चाकणला आमची कंपनी पत्र्याचे सुटे भाग दाबून काढते. मोठी गाडी बनवणाऱ्या कंपनीला ते भाग जातात, तिथे ते कुठल्या कोपऱ्यात बसतात ते आमच्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. कामगार चौसष्ट. पगार महिन्याला मिळतो, पण हिशेब रोजावर चालतो. किती दिवस हजर, रोजाचा दर किती, आणि वर ओव्हरटाइम किती. ओव्हरटाइमला दुप्पट दर. हे सगळं काढणारी बाई म्हणजे मी.

मी मोशीला राहते. आधी भोसरीत एका कंपनीत बारा वर्षं हेच काम केलं. ती कंपनी बंद पडली आणि मी आठ महिने घरी बसले. घराचा हप्ता मात्र बसून राहत नाही. त्या आठ महिन्यांत नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात आम्ही हप्ता कसा भरला, ते मला आता आठवायचं नाही. म्हणून चाकणला नोकरी लागली तेव्हा मी पहिल्या दिवशी साडेसहालाच स्कूटर काढली. शिफ्ट सातची आणि माझी वेळ साडेआठची असूनसुद्धा.

नेमणुकीच्या पत्रात लिहिलं होतं, पहिले सहा महिने तात्पुरते, काम बघून कायम करू. आणि पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये माझ्या कानावर आलं, की माझ्या जागी आधी जो होता त्याने पगारात काहीतरी घोळ घातला, म्हणून त्याला साहेबांनी उभ्या उभ्या काढलं. हे ऐकून मला भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. कारण मला शाळेपासून गणितात कधी कमी मार्क पडले नव्हते, आणि हे मी लग्न ठरताना सासरच्यांना न विचारता सांगितलं होतं.

त्या माणसाने करून ठेवलेला तक्ता मी कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा तर माझी खात्रीच पटली. आमच्याकडे ओव्हरटाइम जवळजवळ नेहमीच अडीच तासांचा असतो. साडेतीनला शिफ्ट संपली की थांबायचं आणि सहाच्या बसने जायचं, म्हणून अडीच. कधी काम अडलं तर बस पंधरा मिनिटं थांबते, मग पावणेतीन. दाराजवळ अंगठ्याचं मशीन आहे, ते आल्यागेल्याची वेळ नोंदवतं आणि तासमिनिटांचा कागद काढून देतं. त्या कागदावर लिहिलेलं असायचं दोन तास तीस मिनिटं, आणि या बाबाने तक्त्यात टाकलेलं, दोन पॉइंट पाच. कागदावर दोन तास पंचेचाळीस मिनिटं, तर तक्त्यात दोन पॉइंट पंच्याहत्तर.

मी घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं, "अहो, आधीचा माणूस तासाला पंच्याहत्तर मिनिटं धरायचा. काढतील नाही तर काय करतील!" आम्ही दोघं खूप हसलो. आता लिहिताना मला स्वतःचा तो हसरा चेहरा दिसतो आणि त्याला एक टपली मारावीशी वाटते.

मी आल्या आल्या तक्ता सुधारला. भोसरीच्या कंपनीत मशीनच सगळा हिशेब करून द्यायचं, इथे मात्र आकडे हाताने भरायचे होते. माझा उजवा हात कीबोर्डच्या आकड्यांच्या चौकटीवर फार चालतो. न बघता. त्या चौकटीत टिंब आहे, पण तासमिनिटांच्या मध्ये टाकायची दोन टिंबं नाहीत. त्यासाठी हात उचलून पलीकडे न्यावा लागतो. मी कशाला उचलतेय. मी दोन, टिंब, तीस असं टाकत गेले. वर तो आकडा टिंबापुढे नीट दोन घरांत दिसावा म्हणून कॉम्प्युटरला सांगून ठेवलं. तक्ता इतका देखणा दिसायला लागला, की मी त्याचा एक छापील कागद काढून खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवला.

पहिल्या पगाराच्या दिवशी खिडकीशी मामा आले. चाकणजवळच्याच गावचे, घरची थोडी शेती आहे. या कंपनीत अगदी सुरुवातीपासून, मोठ्या प्रेसवर. रिटायर व्हायला दोन-तीन वर्षं राहिलेली. सगळे त्यांना मामाच म्हणतात, साहेबसुद्धा. त्यांनी स्लिप खिडकीतून आत सरकवली.

"ताई, ओव्हरटाइममधी तीनशे वीस कमी हायेत."

मी स्लिपकडे नीट पाहिलंही नाही. "पीएफला कटलं असेल, मामा."

ते "बरं" म्हणाले आणि गेले. इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ओव्हरटाइमवर पीएफ कटत नाही. हे मला माहीत होतं. पण आमच्या पट्ट्यात पगारातून काहीही कमी झालं की माणूस स्वतःच म्हणतो, पीएफला कटलं असेल, आणि गप्प बसतो. मी फक्त त्यांच्या आधी म्हणून टाकलं, कारण मागे आणखी चार जण उभे होते आणि मला त्यांनाही घालवायचं होतं. त्या चौघांतल्या दोघांना मी तेच सांगितलं.

दुसऱ्या महिन्यात मामा परत आले. तीनशे चौऱ्याऐंशी कमी. या वेळी मला राग आला. आकडा इतका नेमका होता म्हणूनच आला. चारशेच्या आसपास म्हणाले असते तर मी हसून सोडून दिलं असतं.

"मामा, हे कॉम्प्युटर आहे. कॉम्प्युटर चुकत नाही."

"न्हाई, तसं न्हाई," ते म्हणाले. "आमी आपलं घरी लिवून ठिवतो."

"मग घरच्या लिहिण्यात चुकलं असेल."

ते म्हणाले, "असंल." मग गेले.

तिसऱ्या महिन्यात ते खिडकीशी आलेच नाहीत. कँटीनच्या दारात उभं राहून त्यांनी स्लिप वाचली, घडी केली, खिशात ठेवली आणि बसमध्ये जाऊन बसले. मला हलकं वाटलं. माणूस समजला एकदाचा, असं वाटलं. तसलं समाधान मला पुन्हा नको.

चौथ्या पगाराच्या दिवशी ते एक तपकिरी पाकीट घेऊन आले. सकाळच्या चहाची सुट्टी होती, दहा मिनिटांची. पाकिटात भिंतीवरच्या कॅलेंडरची चार पानं होती. दुधाचा खाडा, गॅस संपल्याची तारीख, गावच्या यात्रेचा दिवस, हे सगळं चौकोनांत लिहिलेलं. आणि काही चौकोनांत कोपऱ्यात पेन्सिलीने दोनचा आकडा, त्याच्यापुढे दोन उभ्या रेघा. एखाद्या ठिकाणी तीन.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"एक रेघ म्हंजी पाव. दोन रेघा आर्धा. तीन पाऊण. आमच्या वडलांचा दुधाचा रतीब होता, त्ये असंच लिवायचे." त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "ह्या महिन्याला तेरा दिस थांबलो. अकरा येळा अडीच आन दोन येळा पावणेतीन. तेहतीस तास झाले. चारशे अठ्ठेचाळीस कमी हायेत."

"मामा, मी बघते," मी म्हटलं. खरं म्हणजे मी त्यांना दाखवून देणार होते. जेवणाची सुट्टी मी त्यासाठीच ठेवली. डबा उघडला, पण आधी म्हटलं यांचा निकाल लावू.

मशीनचा कागद काढला. तेरा दिवस, बरोबर. अकरा वेळा दोन तास तीस, दोन वेळा दोन तास पंचेचाळीस, तेही बरोबर. मामांनी एक मिनिट इकडचं तिकडे केलं नव्हतं. रोज सहाशे चाळीस, आठ तासांचे, म्हणजे तासाला ऐंशी, ओव्हरटाइमला एकशे साठ. तेहतीस गुणिले एकशे साठ, पाच हजार दोनशे ऐंशी. माझ्या तक्त्यात चार हजार आठशे बत्तीस. फरक चारशे अठ्ठेचाळीस. मग चूक कुठे? तारखा त्याच, तास तेच, दर तोच.

मी कागदावर पहिल्या दोन दिवसांची बेरीज केली. अडीच आणि अडीच, पाच. मग तक्त्यातले तेच दोन चौकोन एकत्र करून पाहिले. खाली आकडा आला, चार पॉइंट साठ.

चार तास साठ मिनिटं.

 चार तास साठ मिनिटं म्हणजे पाच तास, हे कोणीही सांगेल. कॉम्प्युटरला कोण सांगणार? त्याला मी तास आणि मिनिटं दिलीच नव्हती. मी त्याला टिंब दिलं होतं. त्याने दोन पूर्णांक आणि वर शंभरातले तीस भाग एवढंच धरलं, आणि अडीच तासांतली बारा मिनिटं दर वेळी गिळली. पावणेतीनातली अठरा. आणि तो आधीचा माणूस पंच्याहत्तर मिनिटांचा तास करत नव्हता, तो पाऊण तास लिहीत होता. पाऊण म्हणजे शंभरातले पंच्याहत्तर. ज्याला मी घरी बसून हसले होते तो बरोबर होता, आणि गणितात कधी कमी मार्क न पडलेली मी चार महिने चुकत होते. एकट्या मामांचं नाही. चौसष्ट जणांचं.

मी मशीनचा कागद पालथा ठेवला. डबा तसाच बंद केला. पहिला विचार मामांचा आला नाही, कामगारांचाही नाही. पहिला विचार आला तो हप्त्याचा. सहा महिन्यांतले दोन महिने राहिले होते. आधीच्याला पगाराच्या घोळावरून काढलं होतं, आणि त्याचा तर घोळही नव्हता. मग माझं काय होणार होतं?

दुपारभर मी काम केल्याचं नाटक केलं. सहाला बस लागली तशी मी उठून फाटकापर्यंत गेले. मामा पायरीवर एक पाय ठेवून उभे होते.

"मामा, तुमचं बरोबर आहे," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

"व्हय? मग झालं तर." त्यांच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. जिंकल्याचा नव्हे, हिशेब जुळल्याचा.

"तुमचंच नाही. सगळ्यांचंच चुकलंय. मी आल्यापासून."

ते पायरीवरून खाली उतरले. बसचा ड्रायव्हर हॉर्न द्यायला लागला तर त्याला हातानेच थांब म्हणाले.

"सायबाला सांगितलं?"

"अजून नाही." आणि मग माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मामा, तुम्ही साहेबांकडे का नाही गेलात? तुम्हाला तर ते ओळखतात."

"गेलो असतो तर तुमचं काय झालं असतं? तुमी नव्या. म्हनलं, ताईलाच इचारू, ताईचं ताईला कळंल." आणि वर म्हणाले, "जरा येळ लागला तुमाला."

मला रडू आवरेना. मी दोनदा या माणसाला वाटेला लावलं होतं आणि तो चार महिने माझी नोकरी सांभाळत होता.

"हे बगा," ते म्हणाले, "सायबाला सांगायलाच लागंल. पन निस्तं चुकलं म्हनून जाऊ नका. कुनाचं किती चुकलं त्ये समदं काढा आन त्यो कागद घिऊन जा. नुसती चूक घिऊन गेलं की मानूस वरडतो. आकडा घिऊन गेलं की बसून बगतो." मग बसमध्ये चढले.

घरी नवरा म्हणाला, "कोणाला काही सांगू नकोस. पुढच्या महिन्यापासून बरोबर कर, कोणाला कळणार आहे?" तो वाईट माणूस नाही. ते आठ महिने त्यानेही काढले होते. आणि खोटं कशाला सांगू, तो बोलायच्या आधी मी स्वतः तेच दहा वेळा मनात म्हणून झाले होते. पण मामांना माहीत होतं. ते बोलले नसते, याची मला खात्री होती, आणि त्याचीच मला जास्त अडचण होती. त्यांच्या समोर रोज दोनदा जायचं होतं.

सुट्टीच्या दिवशी मी एकटीच कंपनीत गेले. वॉचमनने पंखा लावून दिला. मशीनचे चार महिन्यांचे कागद काढले आणि प्रत्येकाचं नव्याने भरत गेले. कॉम्प्युटरवर एकदा केलं, मग माझा त्याच्यावर आणि स्वतःवर विश्वास राहिला नव्हता म्हणून कागदावर मामांच्या रेघांनी पुन्हा केलं. दोन रेघा, दोन रेघा, तीन रेघा. पाच वाजता दोन्ही बेरजा जुळल्या. शहात्तर हजार नऊशे वीस रुपये. त्या दिवसाचा माझा स्वतःचा ओव्हरटाइम मी कुठेच लावला नाही, एवढी लाज मला होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब स्वतः पिंपरीत एका कारखान्यात टर्नर होते, तिथून इथवर आलेले. आवाज अजून वर्कशॉपचाच आहे, मशीनच्या वर ऐकू जाणारा. त्यांनी बसायला सांगितलं, मी उभीच राहिले. सगळं सांगितलं. टिंबासकट.

"चार महिने?" केबिनची काच थरथरली असावी. "चार महिने झोपला होता काय तुम्ही? माणसं माझ्या तोंडावर हसतात आणि मागं शिव्या घालत असतील! आणि मी आपला नमस्कार घेत फिरतोय!"

मी कागद पुढे ठेवला. मामांचं खरं झालं. ते ओरडायचे थांबले, चष्मा लावला आणि बसून बघायला लागले. एकेक नाव, एकेक आकडा.  मग त्यांनी चष्मा काढला.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच मी म्हणत होतो, या वर्षी मजुरीचा खर्च कमी कसा झाला. मागच्या महिन्यात प्रोडक्शनवाल्यांना मी त्याबद्दल पेढे वाटले, माहितीये?"

मला हसू आलं आणि ते चुकीच्या वेळी आलं म्हणून मी ते दाबलं, तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या भरात मी विचारून टाकलं, "साहेब, आधीच्यांना काढलंत तसं मलाही काढणार का?"

"कोणाला काढलं?"

"माझ्या आधी होते त्यांना. पगारात घोळ झाला म्हणून."

"त्याला कुठं काढलं? तो तळेगावला गेला, जास्त पगारावर. मी जा म्हणत नव्हतो. जाताना माझं चांगलं पेन घेऊन गेला, एवढाच काय तो घोळ." मग त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "कोणी पकडली चूक?"

"मामांनी."

"आणि मामांशिवाय कोणाला माहीत आहे?"

"कोणाला नाही."

"म्हणजे तुम्ही गप्प बसला असता तर मला कळलं नसतं."

"नसतं कळलं," मी म्हटलं.

त्यांनी कागदावर सही केली. काढणार की नाही, ते बोलले नाहीत. मी दाराशी गेले, मग परत फिरले. रात्रभर डोक्यात असलेलं बोलायचं होतं. म्हटलं, "साहेब, पुढच्या महिन्यापासून पगाराच्या आधी, पाच तारखेला, प्रत्येकाचे ओव्हरटाइमचे तास बोर्डावर लावते. पैसे नाही, नुसते तास. अडीच म्हणजे अडीच, अक्षरात. ज्याचं चुकलं असेल तो आधीच सांगेल."

"दर महिन्याला भांडणं होतील."

"होऊ देत. पगाराच्या आधी होतील."

"लावा," ते म्हणाले आणि फोन उचलला.

सूचना मी स्वतःच्या हाताने लिहिली. गेल्या चार महिन्यांत ओव्हरटाइमच्या हिशेबात माझी चूक झाली, फरकाची रक्कम येत्या पगारात जमा होईल, खाली माझी सही. बोर्डावर लावली आणि खिडकीत येऊन बसले. आज काच फुटणार, असं मनाशी धरूनच बसले होते. एक जण खरंच तावातावाने आला. ज्या दोघांना मी पीएफचं कारण सांगितलं होतं, त्यांपैकी तो एक होता. "मॅडम, तुम्ही तर मला पीएफ म्हणाला होता!" मी म्हटलं, "खोटं बोलले. माफ करा."  बाकीच्यांनी चेष्टा केली. "ताई, दर चार महिन्यांनी एकदा चुकत जावा, सणाला एकरकमी मिळतंय." "माझ्या बायकोला कळवू नका फक्त, एवढं माझ्याकडं ऱ्हाऊ द्या." मी आयुष्यात इतकी चेष्टा इतक्या आनंदाने कधी ऐकून घेतली नव्हती.

पगाराचा दिवस आला. फरक जमा झाला. साडेतीन वाजले, चार वाजले, खिडकीशी कोणी नाही. चहाच्या सुट्टीत मी सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच काचेपलीकडे मामा. हातात तेच तपकिरी पाकीट.

 आता काय राहिलं?

"ताई," त्यांनी स्लिप आत सरकवली, "चार महिन्यांचं मिळून पंधराशे बारा व्हत्यात. तुमी पंधराशे बावन्न टाकल्यात. चाळीस जास्त झाले." आणि खिशातून दहाच्या चार नोटा काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या.

पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, राहू द्या हो मामा, चाळीस रुपयांनी काय होतं. पण ज्याला चाळीस कळतात त्यालाच चारशे अठ्ठेचाळीस कळले होते. आणि हा कागद मी साहेबांपुढे ठेवला होता, त्यावर त्यांची सही होती. पुन्हा चुकलं असेल तर आता मला माफी मागायलाही तोंड नव्हतं. मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली. त्यांनी पानं पसरली, मी मशीनचे कागद पसरले, आणि आम्ही दोघं एकेक तारीख लावत गेलो. पहिला महिना जुळला. दुसरा जुळला. तिसऱ्या महिन्यात एका तारखेला त्यांच्या चौकोनात दोनचा आकडा आणि दोन रेघा होत्या. माझ्या कागदावर जायची वेळ सहा वाजून पंधरा मिनिटं.

"मामा, या दिवशी तुम्ही सव्वासहाला अंगठा लावलाय."

"न्हाई. बस सहालाच जाती."

मी कागद त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला, मग छताकडे बघत बसले.  बाहेर चहाची सुट्टी संपल्याची घंटा झाली, तरी ते उठले नाहीत.

"आरं व्हय की," ते एकदम म्हणाले. "त्या दिशी प्रेसवरची डाय उतरवायची राहिली व्हती. बस थांबवली आमी. घरी जाऊन सवयीनं दोनच रेघा मारल्या मी." आणि ते हसायला लागले. मी त्यांना एवढं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "म्हंजी या टायमाला तुमचं बराबर हाय, ताई."

 साहेबांचं कायम केल्याचं पत्र मला पुढे महिन्याभराने मिळालं, त्याचा आनंदही खूप झाला, पेढेही वाटले. पण माझ्या छातीवरचं ओझं उतरलं ते त्या दुपारी, त्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या त्या एका वाक्याने.

मी चार नोटा उचलून त्यांच्या हातात परत दिल्या. त्यांनी त्या मोजून खिशात ठेवल्या. मग माझ्या टेबलावरची पेन्सिल मागून घेतली, कॅलेंडरचं पान गुडघ्यावर धरलं, आणि त्या तारखेच्या दोन रेघांशेजारी तिसरी रेघ ओढली.